पंपापुढची कोरी रक्कम

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका घरी एक काळी गाडी आहे. स्कोडा ऑक्टाव्हिया आर.एस. ती २००५ साली आली, तेव्हा पेठेतील माणसे मुद्दाम गोदामासमोर थांबून तिच्याकडे पाहत असत. या गाडीचा आपल्या मातीशी थोडा संबंध आहे. चेक प्रजासत्ताकातून सुटे भाग यावेत आणि औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात त्यांची जुळणी होऊन गाडी बाहेर पडावी, अशी त्या काळची व्यवस्था होती. त्याच नावाची डिझेल गाडी नव्वद अश्वशक्तीची होती. ही मात्र पेट्रोलची, १७८१ सीसीची, टर्बो लावलेली आणि दीडशे अश्वशक्तीची. बाहेरून ती साधी घरगुती गाडी दिसे. तिचा स्वभाव घाट लागला की कळे.

गाडी घेतली ती थोरल्या भावाने, अण्णांनी. धाकट्या आप्पांचा तिला विरोध होता. दुकानाच्या हिशेबाची जबाबदारी आप्पांकडे असे. डिझेल आणि पेट्रोल यांच्या भावातील फरक त्यांना तोंडपाठ होता. हळकुंडाच्या पोत्यावर दोन-पाच रुपयांसाठी दिवसभर घासाघीस करावी आणि संध्याकाळी त्याच पैशांचे पेट्रोल जाळावे, हे त्यांना पटत नसे. त्यातून अण्णांची एक सवय त्यांच्या डोळ्यांत विशेष खुपे. पुण्याहून परतल्यावर अण्णा गाडी दारात उभी करीत, पण इंजिन लगेच बंद करीत नसत. मिनिट-दोन मिनिटे ते तसेच चालू ठेवून शांत बसून राहत. आप्पा ओसरीवरून म्हणत, "अण्णा, पोहोचलात ना घरी? मग कशाला जाळताय?" अण्णा हसत आणि उत्तर देत नसत.

व्यापारी घरांत जे पुष्कळदा घडते तेच पुढे येथेही घडले. दोन्ही घरची मुले मोठी झाली, सुना आल्या, एका गल्ल्यावर दोन पिढ्या बसेनात. २०१४ साली वाटणी झाली. गाळा, गोदाम, येणी-देणी, वाडा, सगळे कागदावर आले. भांडण झाले असे बाहेर कोणाला कळले नाही, इतके ते सभ्यपणे झाले; पण एका उधारीच्या प्रश्नावरून शब्द गेला आणि भावाभावांतील बोलणे थांबले. गाडी पेढीच्या नावावर होती. दरवर्षी पंधरा टक्के घसारा वजा करीत गेले, की नऊ वर्षांत शंभर रुपयांचे वहीत तेवीस उरतात. बाजारात तेवढेही येत नव्हते. अण्णांच्या मुलाने नवी गाडी घेतली होती. ही जुनी कोणाच्या वाट्याला घालायची, यावर कोणी वादही घातला नाही. बेरीज जुळवण्यासाठी ती आप्पांच्या बाजूला लिहिली गेली, इतकेच.

पहिले वर्षभर ती गोदामामागच्या पत्र्याखाली उभी राहिली. उभी गाडी झिजत नाही, असा आपला समज असतो. वस्तुतः तिचे नुकसान चालत्या गाडीपेक्षा निराळे असते, कमी नसते. बॅटरी बसते, टायर एकाच जागी दबून चपटे होतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो आणि रबर, जे या सगळ्या यंत्राचे खरे वय सांगते, ते गुपचूप कडक होत जाते. आप्पा ती विकायला निघाले. भंगाराचा म्हणावा असा भाव सांगण्यात आला. आप्पांना त्याचा राग आला. गाडीबद्दल त्यांना प्रेम नव्हते. राग आला तो भावाचा. जो माल वापरण्यायोग्य आहे तो मातीमोल कसा द्यायचा? त्या रागातच ते मिरजेच्या एका मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्री वयाने त्यांच्याच बरोबरीचे. त्यांनी गाडी उचलून खाली बॅटरी फिरवली आणि आप्पांना बोलावून समोरच्या चाकामागचा लोअर आर्म दाखवला. त्याच्या मागच्या टोकाला रबराचा जाड बुश असतो. रबर लोखंडाला चिकटवलेले असते आणि चाकाला बसणारा प्रत्येक हिसका ते आपल्या अंगावर घेते. आप्पांच्या गाडीतले ते रबर फाटून लोखंडापासून सुटले होते. ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते, गतिरोधकावर धप् असा आवाज येतो, टायर आतल्या कडेने जास्त झिजतो, ही तिन्ही लक्षणे त्या एका फाटलेल्या रबराची होती. किमतीने वस्तू लहानशी. पण ती बसवण्यात एक मेख आहे आणि ती मिस्त्रींनी आप्पांना नीट समजावून सांगितली. गाडी हवेत टांगलेली असतानाच बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच बुश पिळला जातो आणि जन्मभर पिळलेलाच राहतो. म्हणून तो सैल ठेवायचा, गाडीचा भार चाकांवर येऊ द्यायचा आणि मग शेवटचा आवळ द्यायचा. घाईत हे कोणी करीत नाही. मग लोक मालाला दोष देतात.

अर्थात मालही नेहमी चोख नसतो. पहिल्या खेपेला आप्पांनी पैसे वाचवण्यासाठी एका दुकानातून, जवळजवळ निम्म्या किमतीत, अगदी तशाच खोक्यातले बुश आणले. सात महिन्यांत ते फाटले. आप्पांना पैशांपेक्षा स्वतःची फसवणूक लागली. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय भाव न सांगणारा माणूस खोक्याच्या छपाईवर भुलला! त्यानंतर त्यांनी सुट्या भागांचा बाजार हळदीच्या बाजारासारखा शिकून घेतला. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचे काश्मिरी गेट, येथे कोणाकडे काय मिळते हे त्यांच्या वहीत आले. प्रत्येक भागावर जो क्रमांक असतो त्याची पहिली तीन अक्षरे तो भाग मुळात कोणत्या गाडीसाठी घडवला हे सांगतात, हे कळल्यावर त्यांना विशेष आनंद झाला. '१यू०' म्हणजे खास ऑक्टाव्हियाचा. '१जे०' म्हणजे त्या काळच्या फोक्सवॅगन गोल्फचा, कारण दोन्ही गाड्यांचा सांगाडा एकच. '०६ए' म्हणजे इंजिनाचा, जे इंजिन पुष्कळ भाऊबंद गाड्यांत वापरलेले. ज्या भागासाठी एक दुकानदार 'आता येत नाही' म्हणे, तोच भाग दुसरीकडे दुसऱ्या गाडीच्या नावाने फळीवर पडलेला असे. पोत्यावरचा मार्का वाचणाऱ्या माणसाला ही भाषा परकी नव्हती. टायरवरचे चार आकडेही ते आता वाचू लागले. १४१५ म्हणजे २०१५ सालचा चौदावा आठवडा. नवा म्हणून विकला जाणारा टायर दुकानात किती वर्षे पडून आहे, हे त्यावरून कळते.

हे सगळे चालू असताना गाडीच्या कप्प्यात त्यांना अण्णांची लाल कापडी बांधणीची लहान चोपडी सापडली. २००५ पासूनची प्रत्येक नोंद तीत होती. तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. अक्षर अण्णांचे, ठसठशीत, डावीकडे किंचित झुकलेले. घरात उधळे म्हणून ज्यांची ओळख, त्यांनी ऑइल बदलल्याची एकही खेप चुकवलेली नव्हती. आप्पांनी ती चोपडी पुढे चालवायचे ठरवले. अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली रेघ ओढली आणि आपले अक्षर सुरू केले.

त्याच सुमारास मिस्त्रींकडून त्यांना आणखी एक गोष्ट कळली. टर्बोचा दांडा प्रचंड वेगाने फिरतो आणि घाट चढून आलेल्या गाडीत तो अतिशय तापलेला असतो. इंजिन एकदम बंद केले की त्याला मिळणारे ऑइल थांबते आणि आत उरलेले ऑइल त्या उष्णतेने जळून त्याचा काजळीसारखा थर बसतो. म्हणून बंद करण्यापूर्वी मिनिटभर इंजिन सावकाश चालू द्यावे. आप्पांनी हे ऐकून घेतले. "एवढं एका वाक्यात सांगता आलं असतं," असे ते मिस्त्रींना म्हणाले. कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही.

टायमिंग बेल्टचा विषय निघाला तेव्हा मिस्त्री गंभीर झाले. या इंजिनात तो पट्टा तुटला तर खुले राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आदळतात. या इंजिनाला व्हॉल्व्हही वीस, म्हणजे एका सिलिंडरला पाच. एवढे सगळे वाकले की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपलीकडे जातो. पाणी फिरवणारा वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. म्हणून शहाणा माणूस पट्टा काढला की पंपही बदलतो, कारण पंप स्वस्त आणि तेथवर पोहोचण्याची मजुरी महाग. आप्पांनी चोपडी उघडून दाखवली. १८ ऑगस्ट २०१२, ९४,२०० किलोमीटर. त्याखाली एकाखाली एक तीन शब्द: पट्टा, टेन्शनर, पंप.

"मग चिंता नाही. तरी एकदा थोरल्या अण्णांना विचारून घ्या की," मिस्त्री म्हणाले.

"लिहिलंय ना," आप्पा म्हणाले. विषय तेथे संपला.

मे २०१८ मध्ये आप्पा सपत्नीक पुण्याहून परत येत होते. खंबाटकीचा घाट अर्धा चढून झाला असेल, तोच उष्णतेचा काटा मध्यावरून हलला आणि लाल रेषेकडे निघाला. मिस्त्रींनी शिकवले होते त्याप्रमाणे आप्पांनी ए.सी. बंद केला आणि हीटर पूर्ण गरम करून पंखा मोठा केला. इंजिनातली उष्णता त्या वाटेने थोडी बाहेर पडते. पण आत आली ती थंड हवा. इंजिन उकळते आहे आणि हीटर थंड आहे, याचा अर्थ गरम पाणी हीटरपर्यंत फिरत नाही. आप्पांनी त्याच क्षणी गाडी कडेला घेऊन बंद केली. मिनिटभर वगैरे नाही, तत्काळ. प्रत्येक नियमाला त्याची वेळ असते. आणखी दोन वळणे ओढली असती तर हेड वाकले असते.

तासाभराने रेडिएटरच्या टाकीला हात लावता आला. संध्याकाळी गाडी ट्रकवर चढवून मिरजेला गेली आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पट्टा उतरवून पंप बाहेर काढला. पट्टा अजून धड होता. पंपाचा दांडा फिरत होता; पण त्यावरचे प्लास्टिकचे पाते वयाने तडकून दांड्यापासून सुटले होते. दांडा फिरे, पाते जागेवर राही. मिस्त्रींनी पंप पुसून त्यावरची खूण वाचली आणि काही न बोलता आप्पांच्या हातात दिला. तो कारखान्यात बसवलेला मूळ पंप होता. तेरा वर्षांचा.

आप्पांनी चोपडी पुन्हा उघडली. पट्ट्यापुढे रक्कम होती, टेन्शनरपुढे रक्कम होती, पंपापुढे एक आडवी रेघ होती आणि रकमेची जागा कोरी होती. चाळीस वर्षे रोकड लिहिणाऱ्या माणसाने शब्द वाचला आणि कोरी जागा वाचली नाही. चिडून ते घरी आले. आपल्याला खोटी नोंद दाखवली गेली, अशी त्यांची पहिली भावना होती आणि त्या भावनेतच, चार वर्षांनी, त्यांनी अण्णांना फोन लावला.

नमस्कार-चमत्कार झाला नाही. "२०१२ ला पट्टा बदललात, पंप का नाही बदलला?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग अण्णा म्हणाले, "खर्चाचा अंदाज आला होता, त्यात पंप होता. मी पेढीवर पाठवला. तो तूच खोडलास."

आप्पांनी फोन ठेवला. २०१२-१३ च्या खर्चाची पावत्यांची फाइल माळ्यावर होती. वाटणीनंतर जुनी दप्तरे दोन्ही घरांत विभागली गेली, पण ही त्यांच्याकडेच राहिली होती. त्यांना फार शोधावे लागले नाही. अंदाजपत्रकातील तिसऱ्या ओळीवर तांबड्या पेन्सिलीची रेघ होती आणि समासात त्यांच्याच बारीक अक्षरात लिहिलेले होते: 'चालू असलेला पंप बदलण्याचे कारण नाही.' खाली सही.

सौभाग्यवतींनी नंतर सांगितले, की ते माळ्यावरून उतरले ते जेवायला बसेपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. रात्री नऊ वाजता त्यांनी पुन्हा फोन केला. क्षमा मागितली का, हे कोणालाच ठाऊक नाही. घरच्यांच्या कानावर आले ते एवढेच: "धातूच्या पात्याचा पंप मिळतोय. घेऊ का?" मग अण्णांचे काहीतरी लांबलचक. मग, "थर्मोस्टॅट? बरं. तोही घेतो. आणि पट्टाही नवा टाकतो, सहा वर्षं झालीच आहेत." तो फोन पाऊण तास चालला. त्यात उधारीचा विषय नव्हता, वाड्याचा नव्हता, मुलांचाही नव्हता. रबर, पाणी आणि लोखंड, इतकेच होते.

पुढे बरेच महिने ते दोघे फक्त गाडीविषयी बोलत. पावसाळ्यात इग्निशन कॉइल गेली आणि गाडी खोकू लागली, तेव्हा अण्णांनी फोनवरच कोणत्या सिलिंडरची ते ओळखण्याची रीत सांगितली. एकेक कॉइलची जोडणी काढून पाहायची, जी काढल्याने इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही ती मेलेली. तेव्हापासून डिकीत एक जादा कॉइल असते. टर्बोकडून येणारा होज पाइप तडकला, क्लच प्लेट झाली, मागचे शॉकअप झाले. वहिनी एकदा आप्पांना म्हणाल्या, "भावजी, तुमच्या गाडीला काही झालं नाही की आमच्याकडे करमत नाही." २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात चढू लागले, त्या रात्री हीच गाडी दोन खेपा करून अण्णांचे बिऱ्हाड विश्रामबागेला आप्पांच्या घरी घेऊन आली. दोन्ही कुटुंबे एका छपराखाली पाच वर्षांनी जेवली. उधारीचा प्रश्न सुटला असे मात्र कोणी समजू नये. तो आजही तसाच आहे. दोघांनी त्याला हात लावणे सोडले आहे.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर ही गाडी राखणे कधीच परवडले नाही आणि आप्पा तसे लपवतही नाहीत. २०२० साली पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा आर.टी.ओ.त तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांसाठी फेरनोंदणी झाली. त्या वर्षी बुश, ब्रेक आणि टायर मिळून जो खर्च झाला, तो गाडीच्या बाजारभावाच्या जवळपास गेला. चिरंजीवांनी तो आकडा वडिलांसमोर ठेवला. चिरंजीवांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्याला गाडी केवळ पोहोचण्यासाठी हवी, त्याने वीस वर्षांची टर्बो गाडी बाळगू नये. एक भाग बदलला की त्याच्या शेजारचा आपले वय सांगू लागतो, आणि काम करून घेणाऱ्याने निम्मे ज्ञान स्वतः मिळवले नाही तर खर्च दुप्पट होतो. आप्पांनी आकडा पाहिला, मान डोलावली आणि तो चोपडीत लिहून ठेवला.

२०२५ मध्ये दुसऱ्या फेरनोंदणीची वेळ आली. आता वहीतला घसारा मोजला तर शंभराचे चार रुपयेसुद्धा उरत नाहीत. अण्णांचे वय चौऱ्याहत्तर. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून त्यांनी गाडी चालवणे सोडले आहे. तपासणीच्या दिवशी सकाळी ते न बोलावता आले आणि समोरच्या डाव्या आसनावर बसले. पूर्वी ती जागा आप्पांची असे.

काम दुपारपर्यंत आटोपले. परत जाण्याऐवजी आप्पांनी गाडी इस्लामपूरच्या रस्त्याने पेठनाक्याकडे काढली. महामार्ग लागल्यावर त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये थोडे पाय दाबले. टर्बोने ओढ घेतली आणि दोघांची पाठ आसनाला टेकली. अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. कासेगावच्या अलीकडे गाडी वळवून परतताना एका गतिरोधकावर त्यांनी एकदम हात वर केला.

"पुन्हा घे."

आप्पांनी गाडी मागे घेतली आणि गतिरोधक पुन्हा सावकाश ओलांडला. समोरच्या डाव्या बाजूने, स्टीअरिंग वळवताना, टक् असा अगदी बारीक आवाज आला. आप्पांना तो ऐकू आला नव्हता.

"बुश?" आप्पांनी विचारले.

"बुश धप् बोलतो. हे वरचं आहे. स्ट्रटचं माउंटिंग, आतलं बेअरिंग गेलंय. डावं बदलशील तर उजवंही बदल, दोन्ही एकाच वयाची आहेत."

घरी आल्यावर आप्पांनी गाडी दारात उभी केली. इंजिन चालूच होते. अण्णांनी कप्प्यातून चोपडी काढली, चष्मा पुसला आणि मधल्या अकरा वर्षांची आप्पांची पाने सावकाश उलटत शेवटच्या नोंदीपाशी आले. तेथे त्यांनी तारीख घातली, किलोमीटरचा आकडा पुढे वाकून पाहून लिहिला आणि खाली लिहिले: पुढची स्ट्रट माउंटिंग, दोन्ही. मग पेन आप्पांकडे दिले.

"रक्कम तू लिही."

आप्पांनी मिस्त्रींना फोन लावला. माल पुण्याहून यायचा होता. गुरुवारपर्यंत मिळेल, असे मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी इंजिन बंद केले.